नवऱ्याचं नाव

“आजी, नवऱ्याचं नाव सांगा,” डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले.

कौसाबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघून हसल्या. डॉक्टरांनी स्मरणचाचणीच्या कागदावर शून्य लिहिलं.

शेजारच्या खुर्चीतून चुनीलाल ताडकन उठले. “ओ साहेब! शून्य का दी ऱ्हायनात? मन्ही बायको शे. तिले नाव याद शे, ती लेस नही. लगीन व्हयनं तधळपासून एकदाबी लिधं नही.”

“काका, नाव आल्याशिवाय गुण देता येत नाही.”

“मंग मन्ही मायलेबी शून्य द्या. गावन्या सगळ्या बायास्ले द्या.”

वार चुकला होता. महिना चुकला होता. साल तर कौसाबाईंनी स्वतःच्या लग्नाआधीचं सांगितलं होतं. त्याबद्दल चुनीलाल अवाक्षर बोलले नव्हते. एवढा एक शून्य मात्र त्यांना मंजूर नव्हता. ती नाव घेत नाही, म्हणजे तिला नवरा ठाऊक आहे.

डॉक्टरांनी सुरतहून आलेला मेंदूच्या स्कॅनचा रिपोर्ट पुढे सरकवला. “मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलंय. ते एकटं बिघडत नाही. त्याच्या संगतीनं पेशीच्या आतलं टाऊ नावाचं प्रथिन बिघडतं. टाऊचं काम पेशीचा सांगाडा धरून ठेवायचं. बिघडलं की ते सांगाडा सोडतं, दुसऱ्या टाऊंना धरतं, सगळे एकमेकांत गुंततात. मग पेशी मरते.”

चुनीलालनी विचार केला. “म्हंजे भाऊबंदकी.”

“जवळजवळ.”

“कोन्ही मधे पडनं तर मिटस का?”

“थोडी लांबणीवर टाकता येते. मिटत नाही.”

“मंग खरी भाऊबंदकी शे.”

यावर डॉक्टरांकडे औषध नव्हतं. त्यांनी गोळ्या तेवढ्या पिशवीत भरून दिल्या.

कौसाबाई कंटाळल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि चुनीलालकडे थेट, मोकळेपणानं बघितलं.

“चुनीलालभाऊ, आते निंघा बरं. मन्हा घरवाला वाट दखी ऱ्हायना व्हई.”

डॉक्टर साताऱ्याचे. नंदुरबारात येऊन त्यांना महिनाच झाला होता. चुनीलालचं बोलणं ते अंदाजानं समजून घेत होते; कौसाबाईंच्या भरभर अहिराणीतलं मात्र त्यांना नाव तेवढं कळलं.

“आलं की, काका! आलं नाव!” त्यांनी शून्य खोडून आनंदानं पूर्ण गुण दिला.

चुनीलाल त्या गुणाकडे बघत राहिले. मग बायकोकडे वळले.

“चाला, बहीन. मी सोडी येस तुमले.”

बाहेर त्यांनी मोटरसायकलला किक मारली. कौसाबाई मागे बसल्या. खांद्यावर हात न ठेवता त्यांनी मागचं कॅरिअर धरलं, आणि औषधांची पिशवी नीट दोघांच्या मधे ठेवली.