पेडलमागचं तेल

इलाही मिस्त्रीने ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं आणि क्लचच्या पेडलमागून बोट फिरवलं. बोट तेलाने माखून आलं.

"मावशी, तुमच्या पायाची काही चूक नाही. क्लचच्या वरच्या सिलिंडरचं सील गेलंय. ऑइल गळालं की पेडल खालीच बसणार, कुणीही चालवा."

नलिनीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षांची ही गाडी दोन महिन्यांपूर्वी भर चौकात त्यांच्या हातून बंद पडली होती. पेडल मऊ लागतंय, हे त्या आठवडाभर सांगत होत्या. पण जयवंतरावांनी चारचौघांत, "तुला क्लच कधी जमलाच नाही," म्हणत किल्ली काढून घेतली. तेव्हापासून आजारी आईला भेटायला त्या एसटीत उभ्याने इस्लामपूर गाठत होत्या.

"जुन्या गाडीचं असं होतंच," जयवंतराव पुटपुटले.

"मी गाडीचं विचारत नाही. मला जे बोललात, त्याचं काय?" नलिनीताई रागाने म्हणाल्या.

जयवंतरावांनी मिस्त्रीला खर्च विचारला. नवं सील बसल्यावर ऑइलच्या नळीतली हवा काढायला मिस्त्रीने त्यांनाच पेडल दाबायला बसवलं. गाडीखालून तो सांगेल तेव्हा ते दाबत होते, सांगेल तेव्हा सोडत होते.

काम झाल्यावर नलिनीताई स्टिअरिंगवर बसल्या. पेडल पायाला घट्ट लागलं, तरी राग उतरला नाही.

"कुठे निघालीस?"

"आईकडे."

"मीही येतो." त्यांनी पुढचं दार उघडलं.

"मागे बसा," त्या म्हणाल्या, "आणि इस्लामपूर येईपर्यंत एक शब्द बोलू नका."

ते मागे बसले.