गुरुवारचे आकडे

"या आठवड्यात किती, काका?" सिस्टरने विचारलं.

वजनमापं खात्यातल्या तपासनिसांनी वही पुढे केली. सोमवारी तीस मिली, बुधवारी तीस, बाकीचे दिवस कोरे. सिस्टरने आकड्यांवरून पेन्सिल फिरवली आणि हसली. त्या हसण्यासाठी तपासनीस आठवडाभर थांबलेले असत, हे मात्र वहीत कुठे नव्हतं.

दारू कमी करू पाहणाऱ्यांचा हा दवाखाना. दर गुरुवारी चार वाजता यायचं, वही दाखवायची, तल्लफ मारणाऱ्या गोळ्यांची नवी पट्टी न्यायची. एकदम सोडा असं इथे कुणी म्हणत नसे. प्यायच्या तासभर आधी गोळी घ्या, आणि प्यालात तर मोजून लिहा, एवढंच सांगणं. बाकीचे अंदाजपंचे लिहायचे. एकजण तर बाहेरच्या बाकावर बसून सातही दिवस एका दमात भरून टाकायचा. तपासनिसांची वही मात्र मिलीलिटरमध्ये. दुकानांतले तराजू आणि बारमधली पेगची मापं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आकडा वाकडा गेला की त्यांच्याच पोटात दुखायचं. ऑफिसात मागून त्यांना 'काटा' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी ते दारातच घुटमळले होते. हातात वजनांची पेटी, म्हणजे कामाच्या वेळेतच आलेले. माणसांकडे न बघता ते कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत राहिले. तोंडातून शब्द फुटायच्या आत सिस्टर म्हणाली होती, "काही सांगू नका, काका. आधी बसा. इथवर येणंच सगळ्यात अवघड असतं."

तिने पाण्याचा ग्लास पुढे केला. बायको गेल्यापासून सहा वर्षांत त्यांना इतक्या मायेने कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. ते बसले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. यकृत ठणठणीत आहे, नशीबवान आहात, वेळेत आलात, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मग सिस्टरने विचारलं, तल्लफ येते तेव्हा नेमकं काय होतं. तपासनिसांनी थोडा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. सहा वाजता कुलूप उघडून आत गेलं की सुरू होतं. टीव्ही लावला तरी घर गप्पच. हात कशाला लावावा सुचत नाही. छातीत काहीतरी ओढत राहतं, ते झोप लागेपर्यंत. सिस्टरने मान हलवली आणि लिहिलं, तल्लफ दहापैकी आठ.

त्याला आता आठ महिने झाले होते. दर आठवड्याला आकडा थोडा उतरायचा आणि आकडा उतरला की सिस्टर खूश व्हायची. खूश झाली की दहा मिनिटं जास्त बोलायची. आईचे गुडघे, वरच्या मजल्यावर कायम खुर्च्या ओढणारे शेजारी, असं काहीबाही. निळा स्वेटर तुम्हाला शोभतो, असं एकदा म्हणाली, तर हा गृहस्थ भर उकाड्यातही तोच स्वेटर घालून घाम पुसत बसलेला. त्यांच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? एक चुलतभाऊ रोज सकाळी फोनवर 'सुप्रभात' पाठवायचा, पण ते पाचशे जणांना एकदम.

आज सिस्टरने वही मिटली आणि टेबलावरचा कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यावर त्यांच्या आठ महिन्यांची रेघ होती.

"काका, सहा आठवडे तुम्ही जवळजवळ शून्यावर आहात. डॉक्टरांनी फाईल बंद करायला सांगितलीय. इतकी सरळ उतरणारी रेघ मी इथे कुणाची बघितली नाही."

तपासनीस रेघेकडे बघत राहिले. मध्ये एखाददोन वेळा तरी आकडा चढायला हवा होता. माणसाची रेघ अशी नसते. पण आकडा वाकडा न जाऊ द्यायची जन्माची सवय, शिवाय तिला हसवायचा मोह, आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतलेला.

"पुढच्या गुरुवारी?" त्यांनी विचारलं.

पुढच्या गुरुवारी यायची गरजच नाही, असं ती आनंदाने म्हणाली. ही वेळ आता दुसऱ्या कुणाला देता येईल, बिचारे दोन-दोन महिने ताटकळत असतात.

"आणि परत सुरू झालं तर?"

"तर सरळ निघून या. लाजायचं नाही," सिस्टर म्हणाली. "फक्त आता नुसत्या वहीवर फाईल उघडत नाहीत, रक्ताच्या नव्या चाचणीचा रिपोर्ट लागतो. आधीच्या काही आठवड्यांत घेतलेली सगळी दारू त्यात दिसते. पण तुमच्यावर ती वेळ यायची नाही, काका. मला खात्री आहे."

तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, दाबला, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. साडेचारची बस आली तशी गेली. सहा वाजायला दीड तास होता, आणि पुढच्या गुरुवारला सात दिवस, पण तो गुरुवार आता दुसऱ्याच कुणाचा होता. त्या विचाराने तपासनिसांना रडू फुटेल असं वाटलं. ते बसथांब्यावरून उठले आणि कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात शिरले.

दुकानदाराने त्यांना लगेच ओळखलं. साहेब, मापं परवाच तपासून घेतलीत, सगळी बरोबर आहेत, असं तो गडबडीने सांगू लागला. आज तपासणी नाही, घ्यायला आलोय, तपासनीस म्हणाले. दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. त्याने अदबीने विचारलं, "कोणती देऊ?"

तपासनिसांनी फळीवरच्या बाटल्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितल्या.

"मी जन्मात कधी थेंब घेतलेला नाही," ते म्हणाले. "नवख्या माणसाला कोणती झेपेल?"