निघतानाचा शब्द

"तुम्ही दाराला 'येते' म्हणालात आणि बाहेर पडलात," चौकशी अधिकारी टिपणीस म्हणाले. "उच्चारलेल्या शब्दावरून हजेरी मांडणाऱ्या त्या दाराने तुम्ही आत आल्याचे नोंदवले. म्हणजे विनापरवानगी गैरहजेरी, वर खोटी नोंद. 'जाते' म्हणायला काय जीभ झडली असती?"

"वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला होता, साहेब," कुमुदिनी धारप म्हणाली. "त्यांच्याकडे निघताना 'जाते' कसं म्हणू?"

टिपणीसांच्या घरीही तो शब्द निषिद्धच होता. परंतु नियमानुसार दाराने ऐकलेलाच अर्थ ग्राह्य होता.

"आता एकदा दारापुढे 'जाते' म्हणा. नोंद दुरुस्त होईल, नोकरी वाचेल."

"बाबा अजून अतिदक्षता विभागातच आहेत," असे म्हणून कुमुदिनीने गळ्यातले ओळखपत्र काढून त्यांच्या टेबलावर ठेवले.