तळाशी उरलेलं तेल

"तू शेवाळ नीट कुटतच नाहीस," वर्षा म्हणाली. "मग तेल येणार कुठून?"

जिग्नेशने खलात बत्ता आपटला. खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं बारीक शेवाळ वाळवून दोघांना निम्मं निम्मं दिलेलं असे. त्यात तेल किती, ते मोजायचं. तरी वर्षाच्या हाती नेहमी त्याच्या दुप्पट तेल लागायचं. सरावलीच्या त्या शेडमध्ये यावरूनच दोघांचं हाडवैर जमलं होतं.

नाताळानंतर दोघांपैकी एकालाच ठेवणार, असं मालकीणबाई रुपलबेननी सांगून टाकलं होतं. नोकरी गेली तर वर्षाला अच्छाडला, भावाच्या ढाब्यावर रोट्या थापायला परतावं लागणार होतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिला मनापासून वाटे.

थंडी कडक होती. खणातलं खोबरेल गोठलं म्हणून तिने बाटली खिडकीत उन्हाला ठेवली. जिग्नेशला टोमणा मारायला तेवढंही पुरलं.

"डोकं तर कायम कोरडं असतं तुझं. तेल कशाला सांभाळते?"

"माझ्या डोक्याची काळजी सोड. तुझ्या आकड्यांची कर."

दोघांनी पूड द्रावकात भिजवली, गाळली आणि द्रावक उडून जायला काचेच्या छोट्या बाटल्या गरम पाण्यात धरल्या. तळाशी उरेल ते तेल. जिग्नेश तणतणत चहाला गेला. तो परतेपर्यंत वर्षाने टेबल पुसून, खोबरेल परत खणात ठेवून, वजनही करून ठेवलं होतं. पुन्हा दुप्पट.

रुपलबेननी आकडे पाहिले आणि जिग्नेशच्या आकड्याखाली लाल रेघ ओढली. वर्षाला त्याची जराही कीव आली नाही.

रोजच्या सवयीने ती आपली बाटली धुवायला निघाली, तोच रुपलबेननी ती हातातून काढून घेतली.

"रेवा दे, राहू दे. सकाळी पार्टी येते, तिला तेल बघायचं आहे."

दोन्ही बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या. शेडला कुलूप लागलं आणि किल्ली रुपलबेनच्या पर्समध्ये पडली.

सकाळी गिऱ्हाइकासमोर रुपलबेननी दोन्ही बाटल्या उलट्या धरल्या. जिग्नेशचं हिरवं तेल ओघळत झाकणापर्यंत आलं. वर्षाचं जागचं हललं नाही. तळाशी हिरवट-पांढरा, घट्ट थर बसला होता.

रुपलबेननी वर्षाच्या भुरभुरणाऱ्या केसांकडे पाहिलं आणि तिचा खण उघडला.