सत्तरीपुढचा गट

खुब्याचं हाड मोडून मी आठ महिने घरात अडकून पडले होते. माझी पोहण्यातली जुनी वैरीण दर रविवारी न चुकता यायची आणि माझ्या वॉकरकडे बघून फणकारायची, "तुझं पोहणं संपलं. आता बादलीत पाय बुडवून बस!" तिची जिरवायचीच म्हणून मी दातओठ खात तलावात उतरले आणि कठडा धरून पाय मारण्यापासून पुन्हा सुरुवात केली.

आज शर्यतीला सत्तरीपुढच्या गटात आम्ही दोघीच होतो. तिने मला हातभर अंतराने हरवलं.

"झालं समाधान?" मी तिच्यावर खेकसले.



गळ्यातलं पदक चाचपत ती म्हणाली, "एकीचंच नाव आलं की शर्यत रद्द करतात. गेल्या वर्षी तुझ्या खुब्यापायी माझं पदक हुकलं होतं, मेले!"