माणसाळलेले झिंगे

तालुक्याहून तपासणीला आलेल्या कुंदाने फिल्टर हाऊसमधल्या काचेच्या टाकीवर हाताची सावली धरली. नियम साधा होता: नखाएवढे झिंगे घाबरून दगडाखाली पळाले, तरच गावाला पाणी सोडायचे. आज एकही पळाला नाही. उलट ते सावलीकडेच आले.

"कधीपासून हे असं?"

"झाले की आठ-दहा दिवस. माणसाळलेत, मॅडम," तीस वर्षे इथला व्हॉल्व्ह सांभाळणारे भागवततात्या कौतुकाने म्हणाले.

"आणि तुम्ही पाणी सोडत राहिलात?" कुंदाने धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. कालव्यावरून द्राक्षबागांच्या फवारणीचा वास येत होता. "तात्या, हे नवं औषध किडीची भीतीच मारतं. कीड लपत नाही, पाखरं टिपून खातात. गावात कुणाला काही त्रास?"

"छे! सगळे मजेत. परवा न्हाणीत नाग निघाला, तर आमच्या हिनं हातानं उचलून बाहेर ठेवला."

"आणि तुम्ही?"

"मी बघत होतो की," तात्या हसले.

कुंदाचे हात थरथरायला लागले. अख्ख्या गावात थरथरणारे हात तेवढे तिचेच होते.