आडवे प्रश्न

“फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार. बोल पुढे,” बाबा म्हणाले.

मुलगी जेवणाच्या टेबलापाशी कागद घेऊन उभी होती. बाबा समोरच्या खुर्चीत, हाताची घडी घालून. गेले आठ दिवस रोज संध्याकाळी भाषणाची तालीम चालली होती आणि रोज बाबा तिला धारेवर धरत होते.

“गोम वगैरे काही नाही. ओपन सोर्स म्हणजे ज्याचं आतलं सगळं कोणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं असं सॉफ्टवेअर. हजारो लोकांनी मिळून केलेलं.”

“हजारो लोक म्हणजे कोणीच नाही. बिघडलं तर फोन कोणाला करायचा?”

“मला.”

बाबांच्या भुवया वर गेल्या. “बरं. पण आतलं सगळं उघडं म्हणजे चोरांना आमंत्रणच की.”

“कुलूप कसं बनतं हे कोणालाही शिकता येतं, बाबा. म्हणून काय तुमच्या घराची किल्ली सापडते का?”

“हां! हे झकास. हे जरा सावकाश म्हण.”

ती ग्रंथपाल होती. उद्या शहरातल्या चाळीस ग्रंथालयांच्या समितीपुढे तिला बोलायचं होतं. समितीला पटलं, तर चाळीसही ग्रंथालयं जुनं विकतचं सॉफ्टवेअर सोडून हे घेणार होती. नाही पटलं, तर तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात. वाचकाला हवं असलेलं पुस्तक परत आलं की त्याला लगेच कळवणारा भाग तिने स्वतः लिहिला होता. चार देशांतली ग्रंथालयं तो वापरत होती, तिचं स्वतःचं सोडून. बाबा ही गोष्ट भेटेल त्याला सांगत. दातांच्या डॉक्टरांना तर ते तोंड उघडं ठेवून सांगायला गेले होते.

“अहो, कधीतरी तिच्या बाजूने बोला की,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

“उद्या तिला कोणी सूट देणार नाही. मग मी आज कशाला देऊ?”

“मी काही बोलत नाही बाई. मला दोघांनाही वाढायचंय.”

शेवटच्या कागदाशी मुलगी अडखळली.

“वाच की,” बाबा म्हणाले.

“‘जुनं सॉफ्टवेअर एका माणसाने कंपनी काढून एकहाती उभं केलं. चांगलं केलं. वीस वर्षं आपलं काम त्यावर बिनबोभाट चाललं. पण त्या कंपनीचे मालक आता साठीच्या पुढे गेलेत. उद्या त्यांनी काम थांबवलं, तर आपल्या नोंदी कोण उघडणार?’” तिने पेन उचललं. “हे खोडते. लागेल त्यांना.”

बाबांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

“खोडू नकोस. खरं आहे ते.”

सकाळी बाबा तिच्या आधीच कामाला बाहेर पडले. जाताना तिच्या डोक्यावर टपली मारून गेले, परीक्षेच्या दिवशी मारायचे तशी.

सभागृह भरलेलं होतं. पण एकदा बोलायला लागल्यावर तिचा आवाज कापला नाही. समितीने आडवेतिडवे प्रश्न विचारले. तिने एकाही प्रश्नाला मान खाली घातली नाही. आपण हे खरंच करू शकतो, याचा तिला पहिल्यांदाच अभिमान वाटला. शेवटचा कागद मात्र तिने कोणाकडेही न बघता वाचला.

ती थांबली. अध्यक्षबाईंनी माइक पहिल्या रांगेकडे पाठवला.

“जुन्या कंपनीचे मालक इथे आले आहेत. मत घेण्याआधी त्यांचा आक्षेप ऐकू या.”

मालक उठले. दोनदा खाकरले.

“आक्षेप नाही,” ते म्हणाले. “वीस वर्षांच्या नोंदी मी स्वतः काढून देईन. फक्त टाळ्या जरा जोरात वाजवा. माझी मुलगी आहे ती.”